कच्च्या मार्गावरील शर्यतींचे छायाचित्रण

डांबरी धावपट्टी सोडून माती, मुरूम किंवा वाळूच्या मार्गांवर होणाऱ्या शर्यतींची छायाचित्रे शर्यत चालू असताना टिपण्याच्या तंत्राला कच्च्या मार्गावरील शर्यतींचे छायाचित्रण असे म्हणतात. हा क्रीडा छायाचित्रणाचा एक उपप्रकार आहे. मोटार रॅली हे त्याचे प्रमुख क्षेत्र असले, तरी वऱ्हाडातील शंकरपटालाही त्यातील बहुतेक तत्त्वे लागू पडतात. या प्रकारात कॅमेऱ्याच्या निवडीपेक्षा उभे राहण्याच्या जागेची निवड अधिक महत्त्वाची ठरते. कारण चित्राची गुणवत्ता आणि छायाचित्रकाराचा जीव या दोन्ही गोष्टी तिच्यावर अवलंबून असतात.

पार्श्वभूमी

भारतात मुंबईचे नझीर हुसेन यांच्या पुढाकाराने १९८० मध्ये हिमालयन रॅली सुरू झाली. महाराष्ट्रात नाशिक परिसरात २०१०च्या दशकात ‘रॅली ऑफ महाराष्ट्र’ ही राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेची फेरी भरत असे. रॅलीत सर्व मोटारी एकाच वेळी धावत नाहीत. वाहतुकीस बंद केलेल्या ‘विशेष टप्प्या’वर त्या ठरावीक अंतराने एकेक करून सोडल्या जातात व प्रत्येकीचा वेळ मोजला जातो. त्यामुळे छायाचित्रकाराला प्रत्येक मोटार समोरून जाताना एकदाच, तीही काही क्षणच दिसते.

वेग दाखवण्याचे तंत्र

ताशी ९० किलोमीटर वेगाने धावणारी मोटार एका सेकंदात २५ मीटर अंतर कापते. कॅमेऱ्याचे शटर १/१००० सेकंद उघडे राहिल्यास तेवढ्या वेळात ती केवळ अडीच सेंटिमीटर पुढे सरकते. चाकाचा परीघ सुमारे दोन मीटर धरल्यास चाक तेवढ्यात साडेचार अंशच फिरते. परिणामी चित्र सुस्पष्ट येते. परंतु चाकाच्या आऱ्या स्थिर दिसतात आणि धावती मोटार रस्त्यात उभी असल्यासारखी भासते.

यावरील उपाय म्हणजे शटर गती कमी ठेवून कॅमेरा मोटारीच्या दिशेने आणि तिच्याच गतीने फिरवणे. या पद्धतीला ‘पॅनिंग’ म्हणतात. १/६० सेकंदात तीच मोटार सुमारे ४२ सेंटिमीटर सरकते आणि चाक ७५ अंश फिरते. कॅमेरा मोटारीबरोबर फिरत असल्याने मोटार स्पष्ट राहते, तर चाके आणि पार्श्वभूमी पुसट होऊन वेगाचा प्रत्यय येतो. नवशिक्याने १/२५० पासून आरंभ करून गती हळूहळू कमी करत न्यावी. शटर दाबल्यानंतरही कॅमेरा क्षणभर फिरवत राहणे आवश्यक असते. हात मध्येच थांबल्यास चित्र हलते. मोटार उसळी घेते किंवा थेट समोरून येते, तेव्हा मात्र १/१००० किंवा त्याहून जलद गती उपयुक्त ठरते.

फ्रेंच छायाचित्रकार झाक आंरी लार्तिग यांचे १९१०च्या दशकाच्या आरंभीचे शर्यतीच्या मोटारीचे छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यात मोटारीचे चाक पुढे झुकलेले व लंबगोल, तर प्रेक्षक उलट दिशेने कललेले दिसतात. त्या कॅमेऱ्याच्या शटरमधील फट काचपट्टीवरून सरकत असल्याने चित्राचे निरनिराळे भाग निरनिराळ्या क्षणी नोंदले गेले. आजच्या मोबाइलमधील कॅमेरेही चित्र ओळीओळीने वाचतात. म्हणून त्यांतही वेगवान वस्तू तिरपी दिसू शकते.

धूळ आणि प्रकाश

मोटारीमागे उठणारा धुरळा हा या चित्रांचा अविभाज्य भाग आहे. सकाळी किंवा सायंकाळी सूर्य मोटारीच्या मागील बाजूस असल्यास धुरळा उजळून निघतो. मात्र अशा उजळ धुरळ्यामुळे कॅमेऱ्याचे प्रकाशमापन फसते व मोटार काळपट येते; म्हणून प्रकाश थोडा वाढवून घ्यावा लागतो. स्वयंचलित फोकस धुरळ्यावरच अडकत असल्यास मोटार जेथून जाणार त्या जागी, एखाद्या दगडावर वा खुणेवर, आधीच फोकस करून ठेवतात. वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूस उभे राहिल्यास धुरळा दूर जातो. शर्यतीच्या ठिकाणी लेन्स बदलणे टाळावे.

जागेची निवड आणि सुरक्षितता

वळणावर मोटार घसरल्यास ती बहुधा वळणाच्या बाहेरील बाजूस फेकली जाते. सर्वांत परिणामकारक चित्र नेमके तेथूनच मिळत असल्यामुळे तेथे उभे राहण्याचा मोह होतो. परंतु ती सर्वांत धोक्याची जागा आहे. ५ मार्च १९८६ रोजी पोर्तुगाल रॅलीत मार्गावर आलेल्या प्रेक्षकांना टाळताना एका मोटारीवरील ताबा सुटला आणि ती गर्दीत घुसली. त्यात तीन प्रेक्षक मृत्युमुखी पडले व तीसहून अधिक जखमी झाले. त्याच वर्षी कोर्सिका येथील अपघातात एक चालक व त्याचा सहचालक दगावला. त्यानंतर ‘गट ब’ या अतिशक्तिशाली मोटारींवर १९८७ पासून बंदी आली.

यावरून पुढील दंडक सर्वत्र पाळले जातात. मार्गाच्या पातळीपेक्षा उंच जागा निवडावी. मागे सरकण्यास वाट मोकळी ठेवावी. मार्गाकडे पाठ करू नये. खाली बसून वा तिपाईत अडकून चित्रे घेऊ नयेत. कॅमेऱ्यातून पाहताना अंतराचा अंदाज चुकतो, म्हणून मोटारीचा आवाज ऐकत राहावे. मार्गरक्षकाची शिटी व सूचना अंतिम मानावी.

शंकरपटाचे छायाचित्रण

वऱ्हाडात कच्च्या मार्गावरील शर्यतीची परंपरा शंकरपटाच्या रूपाने आढळते. अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासर येथील शंकरपट विशेष प्रसिद्ध आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या ७ मे २०१४ च्या निकालाने अशा शर्यती थांबल्या होत्या. न्यायालयाने १६ डिसेंबर २०२१ रोजी महाराष्ट्रात त्यांना सशर्त परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला.

मोटारीचा सांगाडा ताठ असतो; बैलाचे शरीर मात्र धावताना वरखाली होते आणि पाय स्वतंत्रपणे हलतात. म्हणून पॅनिंग करताना फोकस बैलाच्या डोळ्यांवर किंवा धुरकऱ्याच्या चेहऱ्यावर ठेवतात आणि शटर गती फार कमी करत नाहीत. फ्लॅशच्या प्रकाशाने किंवा समोर अचानक आलेल्या माणसाने जोडी बिथरून गर्दीत शिरू शकते. यास्तव फ्लॅश वापरू नये व पटाच्या शेवटी समोर उभे राहू नये. बैलाला मारणे, टोचणे वा विजेचा झटका देणे नियमांनी निषिद्ध आहे. त्यामुळे येथील छायाचित्र हे पुराव्याचे साधनही ठरते. चित्रात असा प्रकार आढळल्यास तेवढा भाग कापून ते प्रसिद्ध करणे प्रामाणिकपणाला धरून नाही.

सराव

सरावासाठी शर्यतच हवी असे नाही. सायकल, ट्रॅक्टर किंवा कापसाची बैलगाडी यांवर पॅनिंगचा अभ्यास करता येतो. परतवाड्याहून चिखलदऱ्याकडे जाणाऱ्या घाटासारखा वाहता रस्ता मात्र त्यासाठी योग्य नाही. रॅलीचा मार्ग वाहतुकीस बंद असतो व त्यावर मार्गरक्षक असतात. घाटातील वळणावर उभ्या असलेल्या माणसाला असे कोणतेही संरक्षण नसते.