फिरत्या ऐरणीवरचा हातोडा

विजेच्या हत्यारांच्या बाजारात ‘इम्पॅक्ट’ हा शब्द निदान तीन वेगवेगळ्या यंत्रांना लावला जातो, आणि खरेदीत होणाऱ्या बऱ्याच चुकांचे मूळ या एका शब्दात आहे. भिंतीला भोक पाडताना बिटाला पुढच्या दिशेने ठोके देणाऱ्या यंत्राला भारतात सर्रास ‘इम्पॅक्ट ड्रिल’ म्हटले जाते. मोटारीच्या चाकाचे नट सोडवणारे, पुढे चौकोनी टोक असलेले यंत्र म्हणजे ‘इम्पॅक्ट रेंच’. आणि स्क्रू पिळून बसवणारे, आखूड नाकाचे, पिस्तुलासारखे धरायचे यंत्र म्हणजे ‘इम्पॅक्ट ड्रायव्हर’. मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर किंवा पुण्याच्या बोहरी आळीत नुसते ‘इम्पॅक्ट दाखवा’ असे म्हणणाऱ्या ग्राहकापुढे यांपैकी कोणतेही यंत्र येऊ शकते. बॉशच्या मालावर जीएसबी ही अक्षरे असली तर ते पहिले, जीडीएस असली तर दुसरे आणि जीडीआर असली तर तिसरे, एवढे ध्यानात ठेवले तरी निम्मा घोटाळा टळतो. माकिताच्या मालात ड्रायव्हरची खूण टीडी या अक्षरांत शोधावी.

या तिसऱ्या यंत्राचे पोट उघडले तर त्यात लोहाराचीच दोन साधने सापडतात, हातोडा आणि ऐरण. फरक इतकाच की लोहाराची ऐरण जागची हलत नाही आणि इथली ऐरण फिरते. मोटर दंतचक्रांमार्फत एक आस फिरवते, त्या आसावर बसवलेल्या जड पोलादी कड्याला हातोडा म्हणतात, आणि त्याच्या पुढे असलेल्या ज्या तुकड्याच्या टोकात बिट अडकवतात ती ऐरण. हातोड्याच्या तोंडावर दोन दात असतात, ऐरणीला दोन पंख असतात, आणि एक दणकट स्प्रिंग हातोड्याला ऐरणीशी दाबून धरते. स्क्रू लाकडात सहज शिरत असतो तोवर दोन्ही तुकडे एकजीव असल्यासारखे फिरतात आणि यंत्र साध्या ड्रिलसारखाच आवाज करते. स्क्रू अडू लागला की ऐरण थबकते, पण आस फिरतच राहतो, त्यामुळे आसावरच्या तिरक्या खाचांतून घरंगळणाऱ्या गोळ्या हातोड्याला मागे ओढतात, स्प्रिंग दबते, दात पंखांवरून निसटतात, आणि मोकळा झालेला हातोडा स्प्रिंगच्या उसळीने अर्धा फेरा घेत पंखांवर आडवा आदळतो. हे एका मिनिटात तीन ते साडेतीन हजार वेळा, म्हणजे सेकंदाला पन्नासहून अधिक वेळा घडते. अशा यंत्राचा जो कडकडाट ऐकू येतो तो या आदळण्याचा.

या रचनेतूनच यंत्राचे गुण आणि दोष दोन्ही निघतात. साध्या ड्रिल-ड्रायव्हरमध्ये स्क्रूला जितका पीळ मिळतो तितकाच उलटा पीळ धरणाऱ्याच्या मनगटाला सोसावा लागतो, आणि जाड स्क्रू अचानक अडला तर हात मुरगळण्याची वेळ येते. इम्पॅक्ट ड्रायव्हरमध्ये ठोका क्षणिक असतो आणि तो हातोड्याच्या साठलेल्या वेगातून येतो, म्हणून मनगटापर्यंत त्याचा फारच थोडा भाग पोहोचतो. शिडीवर एका हाताने पत्र्याचे स्क्रू बसवणाऱ्या कारागिराला याचे मोल सांगावे लागत नाही. ठोका तुटक असल्यामुळे बिट स्क्रूच्या खाचेतून वर निसटण्याची खोडही कमी होते. मात्र हा सगळा ठोका गोल दिशेचा आहे, पुढच्या दिशेचा नाही, त्यामुळे काँक्रीटला भोक पाडण्याच्या कामी तो शून्य. पडद्याचा दांडा लावण्यासाठी हे यंत्र विकत घेणाऱ्याच्या पदरी भिंतीवरचा ओरखडा तेवढा पडतो.

दुसरा दोष अधिक सूक्ष्म आहे आणि घरातल्या कामात तोच जास्त नडतो. ड्रिल-ड्रायव्हरच्या गळ्याशी आकडे लिहिलेले एक कडे असते, त्यातला क्लच ठरावीक जोर झाला की कट्‌कट् करून सुटतो आणि स्क्रू आणखी पिळला जाऊ देत नाही. नेहमीच्या इम्पॅक्ट ड्रायव्हरला असा क्लच नसतो. त्यामुळे स्विचबोर्डचे पितळी स्क्रू, कपाटाच्या बिजागऱ्या, भुसा दाबून केलेले पातळ बोर्ड अशा ठिकाणी क्षणभर जास्त दाबलेला खटका आटे खाऊन टाकतो किंवा स्क्रूचे डोके पृष्ठभागाच्या आत बुडवतो. सुतार प्लायवुडसाठी हमखास वापरतात ते काळे जिप्समचे स्क्रू कडक पण ठिसूळ असल्याने त्यांची मुंडकी उडतात, ती वेगळीच. म्हणूनच घरात एकही विजेचे हत्यार नसेल तर पहिले हत्यार क्लच असलेला ड्रिल-ड्रायव्हर असावे आणि इम्पॅक्ट ड्रायव्हर दुसऱ्या क्रमांकावर यावा, हे मत जाहिरातींना मानवणारे नसले तरी योग्य आहे. लाकडाच्या चौकटी, पत्र्याचे छप्पर किंवा लोखंडी मांडण्या यांची कामे रोज निघत असलेल्या कार्यशाळेत मात्र हा क्रम खुशाल उलटावा.

निवड करताना पहिली नजर टॉर्कच्या आकड्यावर जाते. टॉर्क म्हणजे पीळ देणारा जोर, आणि तो न्यूटन-मीटरमध्ये मोजतात. १६५ न्यूटन-मीटर म्हणजे एक मीटर लांबीच्या पान्ह्याच्या टोकाला सुमारे १७ किलो वजन टांगल्यावर जितका पीळ पडेल तितका. माकिताच्या डीटीडी १५२ या १८ व्होल्टच्या यंत्राचा टॉर्क नेमका एवढा आहे, आणि सागवानातल्या लांब स्क्रूपासून छपराच्या स्वतः भोक पाडत जाणाऱ्या स्क्रूपर्यंत बहुतेक कामांना तो पुरून उरतो. हा आकडा जाड बोल्टवर सतत ठोके देऊन शेवटी गाठलेला असतो, सलग मिळणारा जोर नव्हे, म्हणून ड्रिलच्या ५० न्यूटन-मीटरशी त्याची थेट तुलना करून ‘तिप्पट ताकद’ म्हणणे बरोबर नाही. घरगुती कामाला १२ व्होल्टच्या यंत्राचे १०० न्यूटन-मीटर ऐसपैस होतात. त्याहून मोठ्या आकड्यासाठी पैसे मोजण्यापेक्षा वेगाच्या दोन-तीन पायऱ्या आणि हलके दाबल्यावर हळू फिरणारा खटका यांसाठी ते मोजावेत, कारण क्लचची उणीव भरून काढायला या यंत्रात दुसरे काही नाही.

व्होल्टेजच्या आकड्यात तर उघड हातचलाखी चालते. बॅटरीतला एक लिथियम सेल सरासरी ३.६ व्होल्टचा असतो आणि पूर्ण भरल्यावर ४ च्या थोडा वर जातो, त्यामुळे एकामागे एक जोडलेले तेच पाच सेल कोणी १८ व्होल्ट म्हणून विकतो, कोणी २०, कोणी २१. डिवॉल्टची जी बॅटरी अमेरिकेत २० व्होल्ट मॅक्स म्हणून खपते तीच युरोपात १८ ची म्हणून विकली जाते. इथवर निदान हिशेब लागतो. स्वस्त यंत्रांच्या खोक्यावर ४८ किंवा ८८ असा आकडा झळकतो तेव्हा आत अनेकदा तेच पाच सेल असतात आणि त्या आकड्याला कसलाच अर्थ नसतो. साठा किती आहे हे पाहायचे असेल तर व्होल्टला अँपिअर-तासाने गुणावे: १८ व्होल्ट आणि २ अँपिअर-तास म्हणजे ३६ वॅट-तास, ४ अँपिअर-तास म्हणजे ७२. मोठ्या बॅटरीचे वजनही हातालाच पेलायचे असते, म्हणून डोक्यावर हात करून काम करणाऱ्यासाठी दोन लहान बॅटऱ्या एका मोठ्या बॅटरीपेक्षा सोयीच्या.

बॅटरीची खाच कंपनीगणिक वेगळी असल्याने पहिले यंत्र घेताना ग्राहक खरे तर एका कुळात सोयरीक जोडत असतो; पुढचे ग्राइंडर किंवा करवत त्याच खाचेत बसणारी घेतली तर बॅटरीविना नुसते यंत्र स्वस्तात पडते. त्या कुळाची दुरुस्ती जवळच्या शहरात होते का, ही चौकशी रंग आणि ब्रँड यांच्या आधी व्हावी. कार्बन ब्रश नसलेली, म्हणजे ब्रशलेस मोटर कमी तापते आणि त्याच बॅटरीवर अधिक काम करते हे खरे, पण तिचे इलेक्ट्रॉनिक सर्किट गेले तर बदलायचा खर्च मोठा. उलट ब्रशची मोटर तालुक्याच्या गावातला वायंडिंगवालाही थोड्या पैशांत पुन्हा चालती करतो. कधीमधी वापरणाऱ्याने ब्रशच्या मोटरला नाक मुरडण्याचे कारण नाही.

बिटांकडे सहसा शेवटी लक्ष जाते. ड्रायव्हरच्या तोंडात पाव इंची, म्हणजे ६.३५ मिलिमीटर मापाचे षट्कोनी दांड्याचे बिट बसते, आणि साधे ठिसूळ बिट सततच्या ठोक्यांनी तुटते. मधला भाग किंचित पीळ सोसेल असा बनवलेले, इम्पॅक्टसाठी म्हणून विकले जाणारे बिट घ्यावे. कारागीर ज्याला सरसकट ‘स्टार’ म्हणतात त्यात फिलिप्स आणि पोझिड्राइव्ह अशा दोन जाती आहेत. पोझिड्राइव्हच्या डोक्यावर मोठ्या फुलीच्या मधोमध चार बारीक रेघा असतात आणि स्वयंपाकघरातल्या आयत्या कपाटांच्या बिजागऱ्यांना बहुधा तेच स्क्रू येतात. त्यात फिलिप्सचे बिट घातले तर खाच गोल होते आणि दोष यंत्राला दिला जातो.

वापरताना कानात बोळे आणि डोळ्यांवर चष्मा हवा, कारण या यंत्राचा आवाज ९० डेसिबलच्या वर सहज जातो. रात्री दहानंतर सदनिकेत ते चालवणाऱ्याला शेजारी वेगळे काही सांगायला येतीलच. बॅटरी चार्ज करण्यासाठी सर्वसाधारणपणे १० ते ४० अंश सेल्सिअसची मर्यादा दिलेली असते. विदर्भात मे महिन्यात दुपारी पत्र्याच्या शेडमधले तापमान तिच्या पुष्कळ वर जाते, आणि अशा वेळी चांगला चार्जर तापलेली बॅटरी घेण्यास नकार देऊन दिवा लुकलुकवतो. तो बिघाड नसतो. बॅटरी सावलीत निववून पुन्हा लावली की दिवा नेहमीसारखा लागतो.