तांबडा क्लोव्हर आणि त्याचे साहाय्यक

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडातून न्यूझीलंडमध्ये गेलेल्या शेतकऱ्यांनी गुरांसाठी तांबड्या क्लोव्हरची पेरणी केली. पीक जोमाने वाढले, फुलले. परंतु त्याला बी फारच थोडे धरे. हे कोडे उलगडण्यापूर्वी वनस्पतीची ओळख करून घेऊ.

तांबडा क्लोव्हर हा हरभरा-वाटाण्याच्या कुळातील असून बरसीम घासाचा निकटचा आप्त होय. त्याच्या पानास तीन पर्णिका असतात व त्यांवर बहुधा फिकट, कोनाच्या आकाराचा पट्टा दिसतो. खोड केसाळ असते. गुलाबी-जांभळ्या फुलांच्या गेंदाला लागूनच खाली पानांची जोडी असते. पांढऱ्या क्लोव्हरचे खोड सरपटते व त्याचा गेंद लांब दांड्यावर येतो. हाच दोहोंतील भेद.

यूरोप, पश्चिम आशिया व वायव्य आफ्रिका ही त्याची मूलभूमी. थंड, दमट हवा आणि निचऱ्याची सुपीक जमीन त्याला मानवते. भारतात तो काश्मीरपासून गढवालपर्यंतच्या हिमालयात आढळतो.

त्याचा चारा प्रथिनयुक्त असतो. मात्र कोवळा, ओला पाला उपाशी गुरांनी फार खाल्ल्यास पोट फुगते. मुळांवरील गाठींतील जिवाणू हवेतील नत्र वनस्पतीला मिळवून देतात. या कुळातील वनस्पतींचे हे रहस्य हेलरीगेल व विल्फार्थ यांनी १८८८ साली सविस्तर प्रसिद्ध केले. तत्पूर्वीच इंग्लंडातील नॉरफोकचे शेतकरी सलगम, बार्ली, क्लोव्हर व गहू अशी फेरपालट करीत. गव्हाला क्लोव्हरचा बेवड उत्तम, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते.

आता बियांचे कोडे. या फुलाला स्वतःच्या परागाने सहसा बी धरत नाही, आणि त्याची नळी इतकी खोल असते की मधमाशीची सोंड मधापर्यंत क्वचितच पोचते. हे काम बंबलबी नावाचे लांब सोंडेचे केसाळ भुंगे करतात. डार्विनला १०० खुल्या गेंदांपासून २,७०० बिया मिळाल्या. झाकलेल्या १०० गेंदांपासून एकही नाही. न्यूझीलंडमध्ये हे भुंगे नव्हतेच! १८८५ साली ते इंग्लंडातून आणून कँटरबरी प्रांतात सोडले गेले, आणि क्लोव्हरला बी धरू लागले.

पुढे इंग्लंडात रासायनिक नत्रखते आली, फुलांची कुरणे घटली. तेथून न्यूझीलंडला गेलेल्या भुंग्यांपैकी एका जातीची ब्रिटनमधील अखेरची नोंद १९८८ सालची आहे. न्यूझीलंडमध्ये मात्र तिचा वंश क्लोव्हरच्या फुलांवर अद्याप टिकून आहे. चाऱ्याचे पीक राखावयाचे, तर त्याचे साहाय्यकही राखले पाहिजेत.