सदाफुली : अंगणातील फूल व त्यातील औषधी द्रव्ये

अंगणात बारमाही फुलणारी सदाफुली सर्वांच्या परिचयाची आहे. ही वनस्पती मूळची मादागास्कर बेटातील होय. तिच्या पानांचा काढा मधुमेहावर देण्याची प्रथा अनेक उष्ण देशांत आहे. ह्या प्रथेची पारख करण्यासाठी कॅनडातील नोबल व बिअर ह्या शास्त्रज्ञांनी जमेकाहून आलेल्या पानांचा अर्क उंदरांवर वापरून पाहिला. रक्तातील साखर उतरली नाही. मात्र अर्क टोचलेल्या उंदरांच्या रक्तातील पांढऱ्या पेशी झपाट्याने घटल्या. त्यातूनच १९५८ साली व्हिन्ब्लास्टीन हे अल्कलॉइड उजेडात आले.

व्हिन्ब्लास्टीन व व्हिन्क्रिस्टीन ही द्रव्ये पेशींचे विभाजन रोखतात. म्हणून काही कर्करोगांवर, विशेषतः लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर, व्हिन्क्रिस्टीन शिरेतून देतात. पानांत ही द्रव्ये इतकी अल्प असतात, की एका ग्रॅमसाठी शेकडो किलो वाळलेली पाने लागतात. मुळांत अजमॅलिसीन हे रक्ताभिसरणावर परिणाम करणारे द्रव्य असते.

जे द्रव्य रोगट पेशी मारते, ते निरोगी पेशींनाही सोडीत नाही. म्हणून पाने चघळणे वा काढा पिणे धोक्याचे आहे. गरोदर स्त्रियांनी तर ते कटाक्षाने टाळावे. जनावरांनाही हा पाला घालू नये. मधुमेह्यांनी डॉक्टरांचे औषध बंद करून ह्या पाल्यावर विसंबू नये, हे ग्रामसेवकांनी घरोघरी समजावून सांगावे.

लागवड करावयाची झाल्यास पाण्याचा उत्तम निचरा होणारी जमीन निवडावी. पाणी साचल्यास मुळे कुजतात. खरेदीदाराशी लेखी करार झाल्यावाचून मात्र बी पेरू नये.