शिगेवरचा शनिवार

सकाळी साडेसहा, राजूर

डिसेंबरातला शनिवार. बाजारपेठेत थंडी झोंबते आहे आणि पेढ्यांची दुकाने अजून बंद आहेत. चिकनच्या दुकानात मात्र दिवस सुरू झाला आहे. भंडारदरा जलाशयाच्या काठावर तंबू लावून पाहुण्यांना उतरवून घेणारे दादा शनिवारी इथे गर्दीच्या आधी पोहोचतात. तंगड्या वेगळ्या, बिनहाडाचे तुकडे वेगळे, रश्शासाठी गावरान वेगळी. गावरान कोंबडी निखाऱ्यावर चालत नाही. तिचे मांस घट्ट असते, कोरड्या आचेवर ते चिवट होते. तिला पातेल्यात, रश्शात, सावकाश शिजावे लागते. आगीवर ब्रॉयलरच बरी. पाहुणे गावरानचा हट्ट धरतात तेव्हा दादा हे शांतपणे समजावतात आणि ती रश्शात वाढतात.

शेवटी ते आणखी एक वस्तू मागतात. कोंबडीची हृदये. एरवी ती कलेजीबरोबरच तोलून जातात. दादांसाठी दुकानदार ती आठवडाभर बर्फात जमवून ठेवतो.

"एवढ्या बारक्या तुकड्यांचं करता तरी काय, भाऊ?"

"शिगेला लावतो. पाहुणे आधी तेच संपवतात."

हे त्यांना सुचवले पुण्याच्या एका कुटुंबाने. नोकरीसाठी काही वर्षे साओ पाउलोला राहिलेली ती मंडळी गेल्या हिवाळ्यात इथे उतरली होती. शेगडीभोवती बसून त्यांनी तिकडच्या शुरास्कोचे वर्णन केले. लांब शिगांवर मांस, त्याला फक्त खडे मीठ, खाली निखारे. दक्षिण ब्राझीलमधल्या रिओ ग्रांदे दो सुल प्रांतातल्या गुराख्यांची, म्हणजे गाउशोंची, ही रीत. पुढे हॉटेलांनी तिला पंगतीचे रूप दिले. वाढपी शीग घेऊनच टेबलाशी येतो, समोर काप काढतो आणि पुढे जातो. पुरे होईपर्यंत फेऱ्या चालू. त्याला रोदीझियो म्हणतात. कोंबडीची हृदये तिथे हमखास असतात.

दादांनी त्यातली फेरी उचलली. आधी ते इतरांसारखेच दर तंबूपुढे एक छोटी शेगडी आणि मसाला लावलेले तुकडे ठेवून देत. पाहुणे स्वतः भाजत. बाहेरून करपलेले, आतून कच्चे, आणि निम्मे निखाऱ्यात पडलेले. आता आग एकच असते आणि शीग दादा फिरवतात. भंडारदऱ्याच्या काठावर बार्बेक्यू सगळीकडे मिळतो, पण तो खाऊ घालण्याची ही तऱ्हा मला सर्वांत योग्य वाटते. म्हणून हा एक दिवस त्यांच्याबरोबर काढला.

साडेसात

कोळशाची पोती. काठावर एवढे जंगल असताना कोळसा विकत का न्यायचा, असे नव्या पाहुण्यांना वाटते. पण आजूबाजूचे रान कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचे आहे, १९८६ पासून. तिथली लाकडे तोडायची नाहीत. दादा पोत्यात हात घालून दोन खडे एकमेकांवर आपटतात. खणखणीत आवाज आला तर कोळसा सुका आणि पक्का. भद्द आवाजाचा कोळसा धूर करतो आणि मांसाला कडवट वास लावतो.

हिवाळ्यात राजूरला डांगी जनावरांचे प्रदर्शन भरते. काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची, कणखर खुरांची, घाटमाथ्यावरच्या पावसात भातखाचरांत राबणारी ही जात. गाडीत ते बोलणे निघाले तेव्हा मी दादांना सांगितले, की ब्राझीलच्या कुरणांवर आज जी वीस कोटींहून जास्त गुरे आहेत, त्यांतली बहुतेक आपल्याकडून गेलेल्या वशिंडाच्या गुरांच्या वंशाची. आंध्रची ओंगोल तिकडे नेलोरे झाली, कांकरेज गुझेरा झाली, सौराष्ट्राची गीर गीरच राहिली. युरोपातली गुरे तिथल्या उष्ण भागात, गोचिडांपुढे टिकेनात, म्हणून एकोणिसाव्या शतकापासून ही बोलावली गेली. १९६२ साली शेवटची मोठी खेप गेली. दादा बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "आणि ती तिकडे खातात." महाराष्ट्रात २०१५ पासून गाईबरोबर बैल आणि वळूंच्याही कत्तलीला बंदी आहे. शुरास्कोची राणी समजला जाणारा पिकान्या, म्हणजे चरबीच्या थरासकट पुठ्ठ्याचा तुकडा, या काठावर येणार नाही, आणि दादांना त्याची ओढही नाही. घरात दोन डांगी बैल आहेत.

साडेनऊ, काठावरचे घर

मसाला. तंगड्यांना दादा खोल चिरा देतात, हाडापर्यंत. आले-लसूण, हळद, लिंबू, मीठ आणि घरचा काळा मसाला. दही ते शेवटी आणि थोडेच घालतात, कारण जास्त दही निखाऱ्यावर टपकून आग दबवते. बिनहाडाच्या निम्म्या तुकड्यांना नुसते मीठ, तेही आगीवर जाताना. आधी लावले तर पाणी सुटते. कोंबडीला केवळ मिठावर सोडायला त्यांचे मन धजत नव्हते. चार शनिवार त्यांनी त्या शिगा चुलीजवळच्या अंधारात स्वतः चाखल्या, मग पाहुण्यांपुढे नेल्या.

पलीकडे वहिनी वांगी, ढोबळी मिरची, कांदे आणि पनीर कापत बसल्या आहेत. त्यांची सुरी वेगळी, परात वेगळी. शाकाहारी पाहुण्यांचे काम त्यांच्याकडे असते आणि त्यांची आगही वेगळी, अर्ध्या कापलेल्या पिंपाची. पनीरचे तुकडे त्या मोठे ठेवतात आणि तेल लावलेल्या शिगेत ओवतात. ब्राझीलच्या समुद्रकिनाऱ्यावर काडीला लावून भाजलेले चीज विकतात, हे ऐकल्यावर त्यांनी ढोबळी मिरचीची जोडी काढून एक शीग नुसत्या पनीरची सुरू केली.

दुपारी बारा

वहिनींचा शनिवार असतो. मारुतीचा. दिवसभर दुसऱ्यांसाठी रांधून त्या स्वतः साबुदाण्याची खिचडी खातात. मला ताटली देताना त्या म्हणाल्या, "तुम्हाला चालंल ना, भाऊ?" खिचडीतला साबुदाणा ज्या कंदाचा, तो टॅपिओका दक्षिण अमेरिकेतला. शेंगदाणा तिकडचा, बटाटाही तिकडचा. ब्राझीलमध्ये याच कंदाचे पीठ तुपा-लोण्यावर खमंग परतून फारोफा करतात आणि भाजलेल्या मांसावर भुरभुरतात. तो खंड आपल्या उपासाच्या ताटात केव्हाच येऊन बसला आहे, मांसाची शीग इतक्या उशिरा आली.

दीड ते चार

तंबू झटकणे, गाद्या उन्हात, कंदिलांच्या बॅटऱ्या. पुतण्या सगळे उरकतो.

जलाशयाचे पाणी थोडे मागे सरले आहे. विल्सन धरणाचे काम १९१० मध्ये सुरू झाले आणि १९२६ मध्ये पुरे झाले. प्रवरेचे अकरा टीएमसी पाणी इथे साठते आणि कालव्यांनी खाली संगमनेर, श्रीरामपूरकडच्या शेतांना जाते. पाण्याच्या काठावरची शेती मात्र पावसावरच. घाटघरला जिल्ह्यातला सर्वांत जास्त पाऊस पडतो, पण भात निघाला की जानेवारीनंतर हाताला काम नसते. पूर्वी माणसे नारायणगाव, जुन्नरकडे मजुरीला जात. आज काठावरच्या अनेक घरांत हिवाळ्यात पोरे घरी राहतात ती या तंबूंमुळे. शहरातली माणसे चांदण्यांखाली मांस भाजून खायला येतात, यात मला म्हणूनच काही उथळ वाटत नाही. या घराचे सहा महिने त्यावर चालतात.

साडेचार

पाहुणे येऊ लागतात. मुंबई, नाशिक, पुणे. रंधा धबधबा पाहून आलेले, रतनवाडीचे अमृतेश्वर मंदिर पाहून आलेले. चहा, भजी. दादा प्रत्येकाला एकच विचारतात, "काय खात नाही?" काय खाता, असे विचारत नाहीत.

साडेपाच

आग पेटते. या कामाची खरी वेळ ही. नारळाच्या करवंट्या, वाळल्या गोवरीचा तुकडा, वर कोळसा. रॉकेल नाही, त्याचा वास रात्रभर जात नाही. पाऊण तास ज्वाळा असतात आणि पाहुणे भोवती जमून विचारतात, "लावायचं का आता?" दादा मान हलवतात. ज्वाळेवर मांस करपते, शिजत नाही. कोळशावर राखेचा पांढुरका थर आला, ज्वाळा बसल्या, की ते निखारे एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला पातळ पसरतात. मग जाळीच्या उंचीवर तळहात धरतात. तीन अंक मोजेपर्यंत हात मागे घ्यावा लागला तर ती बाजू बिनहाडाच्या तुकड्यांची. सहा-सात अंक धरवला तर ती तंगड्यांची. वारा तलावाकडून आला तर पत्र्याचा आडोसा उभा राहतो.

सात ते नऊ

पाहुणे दोन रांगांत सतरंजीवर बसतात. ताटलीत कांदा, लिंबू, हिरवी चटणी, बाकी रिकामी. पहिली शीग हृदयांची. लहान तुकडे चटकन होतात, भूक थोपवतात आणि मागच्या तंगड्यांना वेळ देतात. दादा ओळीतून वाकत वाकत जातात, सुरीने दोन-दोन तुकडे ताटलीत सोडतात. मग मिठाची शीग. मग वहिनींची पनीरची, तिला मांसाहारी पाहुणेही हात पुढे करतात. तंगड्या सर्वांत शेवटी, सांध्याशी सुरी टोचून, रस पारदर्शक आला तरच.

हे वाढप आपल्या ओळखीचे आहे. लग्नाच्या पंगतीत जिलबीचे ताट घेऊन यजमान फिरतो, खाणाऱ्याच्या तोंडाकडे पाहतो, पानावर आडवा हात आला तरी एक आग्रहाची ठेवतो. बुफेत माणूस स्वतःच्या भुकेचा अंदाज करून ताट भरतो आणि निम्मे गार खातो. शीग फिरते तेव्हा तुकडा आगीवरून उतरल्यावर मिनिटाच्या आत तोंडात जातो, आणि कोण किती खातो आहे हे वाढणाऱ्याला दिसत राहते. ब्राझीलच्या हॉटेलांत पाहुणा हिरवा किंवा लाल पत्ता टेबलावर ठेवतो, हवे किंवा पुरे. इथे पत्ता लागत नाही. एक आजी शेवटच्या टोकाला बसल्या होत्या, त्यांना दातांनी चाववत नव्हते. दुसऱ्या फेरीलाच दादांच्या ते लक्षात आले. पुढच्या फेरीत त्यांच्यासाठी मांडीच्या आतला मऊ भाग कापून आला, न मागता.

"आजी, हे घ्या, हे लुसलुशीत आहे."

"पुरे रे बाळा."

"एवढंच. मग तांदळाची भाकरी येती आहे."

दोन तासांत दादांनी स्वतः एक घास खाल्ला नाही. धुराने डोळे लाल, उजव्या मनगटावर जुन्या भाजल्याच्या खुणा. शीग कितीदा फिरवायची याचा हिशोब ते चरबी निखाऱ्यावर पडल्याच्या आवाजावरून करतात. चुर्रकन आवाज आणि लगेच ज्वाळा उठली तर शीग पातळ बाजूला.

साडेनऊ

गावरानचा रस्सा, तांदळाची भाकरी, इंद्रायणीचा भात. सगळ्यांनी पोट भरले म्हणून सांगितले होते, तरी रस्सा संपतो. दहाला गाण्यांचा आवाज बंद. कुरकुर होते. दादा तिथे ठाम असतात.

अकरा

हाडे आणि उरलेले मांस गोळा करून झाकणाच्या डब्यात, सकाळी गाडीतून राजूरला. रानात टाकले तर कुत्री येतात, आणि कुत्र्यांच्या मागे बिबट्या. निखाऱ्यांवर दोनदा पाणी. पुतण्या शिगा वाळूने घासून तेलाचा हात फिरवतो. वहिनींनी सकाळच्या पोह्यांसाठी शेंगदाणे काढून ठेवले आहेत. दादा आता जेवायला बसतात, रस्सा आणि दोन भाकरी, आणि जेवता जेवता फोन घेतात. पुढच्या शनिवारचा गट आहे, ठाण्याचा.

"हो, साहेब, बार्बेक्यू आहे. नाही, शेगडी तंबूपुढे देत नाही आम्ही. मी वाढतो. काय खात नाही तेवढं सांगा."