तालुक्याच्या वेशीवर अडणारा फोन

साताऱ्याहून सांगलीला एसटीने जाताना मध्ये कऱ्हाड लागतं. खिडकीतून बघाल तर सगळीकडे ऊसच ऊस. पण टेलिफोनच्या हिशेबात तुम्ही एक वेस ओलांडलेली असते! साताऱ्याचा एसटीडी कोड ०२१६२, कऱ्हाडचा ०२१६४ आणि सांगलीचा ०२३३. या न दिसणाऱ्या वेशीवरून २००१ ते २००३ या काळात दिल्लीत केवढं भांडण जुंपलं होतं, ठाऊक आहे?

त्याचं असं झालं. १९९४च्या दूरसंचार धोरणाने खासगी कंपन्यांना दार उघडलं. सातारा-सांगली ज्या महाराष्ट्र विभागात मोडतात, तिथे मोबाइलचे परवाने आधी दोनच कंपन्यांना मिळाले : बीपीएल आणि बिर्ला एटी अँड टी. त्या वेळी मिनिटाला १६ रुपयांपर्यंत दर होता, आणि आलेला फोन घ्यायलाही पैसे पडत! (खोटं वाटतं? आई-बाबांना विचारा.) कंपन्यांना कबूल केलेलं परवाना शुल्क झेपेना. त्यांनी एकजुटीने सरकारकडे धरणं धरलं नाही, गाऱ्हाणं मात्र नेटाने मांडलं. १९९९च्या धोरणात ठरावीक शुल्क जाऊन उत्पन्नातला वाटा आला. नियम आपल्या सोयीचा व्हावा म्हणून चालणाऱ्या अशा खटपटीलाच 'लॉबिंग' म्हणतात. लॉबी म्हणजे सभागृहाबाहेरचं दालन. तिथे लोकप्रतिनिधींना गाठायचं आणि आपलं म्हणणं पटवायचं!

मग जानेवारी २००१मध्ये घरगुती फोनचा परवाना असलेल्या कंपन्यांना बिनतारी फोन द्यायची मुभा मिळाली. दर स्वस्त, पण अट अशी, की तो फोन साधारण तालुक्याएवढ्या हद्दीतच चालायचा. साताऱ्याचा फोन कऱ्हाडात मुका! मोबाइलवाले खवळले. हा मागच्या दाराने आलेला मोबाइलच, असं त्यांचं म्हणणं. रिलायन्स, टाटा यांची बाजू अशी, की यामुळे सामान्यांना फोन परवडेल. गंमत बघा, दोघेही ग्राहकाच्याच नावाने भांडत होते.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. ऑगस्ट २००३मध्ये दूरसंचार लवादाने त्या फोनना मान्यता दिली, आणि नोव्हेंबरमध्ये सरकारने एकत्रित परवाना आणला. जादा शुल्क भरलं की वेस खुली! त्याआधी १ मे २००३पासून येणारा फोनही फुकट झाला होता.

१९९७ साली स्थापन झालेली 'ट्राय' ही नियामक संस्था शिफारशी करण्याआधी चर्चापत्र काढते. कंपन्या तज्ज्ञांकडून लिहून घेऊन पानंच्या पानं पाठवतात. वाईच्या किंवा तासगावच्या ग्राहकाने पाठवलेलं साधं पत्रही तिथे चालतं, बरं का!