पांढऱ्या घरातला एक रंग

"घर बांधलंस की दवाखाना?" शिरगावातल्या नव्या घरात पाऊल ठेवताच अम्मीने भाईजानला विचारलं. कुवेतच्या कमाईतून उभं राहिलेलं घर. पांढऱ्या भिंती, करड्या लाद्या, शोकेस नाही, झालर नाही. भाईजानला असंच साधं हवं होतं. मलाही आवडलं. पण अम्मीचा जन्म जांभ्याच्या घरात गेलेला. तिथेही भिंती पांढऱ्याच, चुन्यात चिमूटभर नीळ घालून रंगवलेल्या. मात्र दार पोपटी होतं.

फरक त्या दाराचाच होता. साध्या घरात एक तरी ठळक रंग लागतो, नाहीतर नजर कुठे टेकतच नाही. सजावटकार याचा हिशोब 60, 30 आणि 10 असा सांगतात: साठ टक्के मुख्य रंग, तीस जोडीचा, दहा ठळक. हे दहा टक्के आपल्याकडे बघता बघता चाळीस होतात, ती गोष्ट वेगळी.

भाईजानने हॉलची पश्चिमेची अख्खी भिंत मोरपंखी करायचं ठरवलं. मेक्सिकोचे वास्तुकार लुई बरागान यांनी शांत, मोकळ्या घरांत अख्ख्या भिंती गुलाबी रंगवल्या, त्यांचे फोटो त्याने मोबाइलवर दाखवले. अम्मी म्हणाली, "त्या भिंतीकडे तोंड करून आपण नमाज पढतो." हजरत आयशा (र.) यांच्या घरातल्या पडद्यावरच्या चित्रांनी नमाजेत लक्ष विचलित होतं, म्हणून रसूलुल्लाह (स.) यांनी तो दूर करायला सांगितला, ही हदीस बुखारी शरीफमध्ये आहे. ती चित्रांबद्दल आहे, सपाट रंगाबद्दल नाही, हे भाईजानचं म्हणणं खरं. तरी पाच वेळा समोर येणारी भिंत शांत असावी, हे मलाही पटलं.

वाद मिटवला तो रंगाऱ्याने. रत्नागिरीत वर्षाला 3000 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि समुद्राकडून येणारी झड पश्चिमेच्या भिंतीवरच आदळते. आत ओल आली की गडद रंगावर पांढरा क्षार फुटतो, पोपडे लांबून दिसतात. पांढऱ्या भिंतीवर तेच बरंच झाकलं जातं. बरागान यांच्या मेक्सिको सिटीत पाऊस आपल्यापेक्षा कितीतरी कमी! शिवाय गडद रंगाला जास्त हात लागतात, आणि उद्या कंटाळा आला तर तो झाकायला आधी प्रायमर मारावा लागतो.

मग रंग कुठे द्यावा? आपल्या गावातच नमुना आहे. ब्रह्मदेशच्या थिबा राजाला इंग्रजांनी 1886 साली रत्नागिरीत आणून ठेवलं. 1910 साली त्याच्यासाठी राजवाडा बांधला. लाल चिऱ्यांच्या त्या इमारतीत रंगीत काचा आहेत त्या खिडक्यांच्या अर्धगोल कमानींत. भिंत न रंगवता खोलीत रंग येतो, आणि ऊन फिरेल तसा तोही फिरतो.

ज्यांना घर रंगवायचं आहे त्यांनी एक करावं. डबा घेण्याआधी पुठ्ठ्यावर रंगाचे दोन हात मारून तो चार दिवस घरात ठेवावा, दुपारच्या उन्हात आणि रात्री ट्यूबलाइटखाली पाहावा. दुकानातल्या कार्डावरचा रंग भिंतीवर वेगळाच दिसतो. भाड्याच्या घरात उशांचे अभ्रे किंवा एक पडदा पुरे.

आमच्याकडे शेवटी जुन्या घराचं सागवानी दार पडवीतून बाहेर निघालं. घासून, अस्तर देऊन ते स्वयंपाकघराला बसवलं. रंग मोरपंखी की पोपटी, यावर दोन दिवस फोन चालले. दार पोपटी आहे.