संगणकाचा वीजपुरवठा-संच : निवडीचे गमक

संगणकात नवे ग्राफिक्स कार्ड बसविताना वीजपुरवठा-संच केवळ वॅटांच्या बेरजेवरून निवडणे सदोष ठरते. २०२० सालच्या आरटीएक्स ३०८० या कार्डाची निर्धारित शक्ती ३२० वॅट आहे. प्रोसेसरचे १२५ व इतर भागांचे ७५ वॅट धरल्यास बेरीज ५२० होते; निर्मात्याची शिफारस मात्र ७५० वॅटांची आहे. या अंतराचे एक प्रमुख कारण असे की, कार्डाची मागणी मिलिसेकंदाहूनही अल्प काळ निर्धारित शक्तीच्या बरीच वर जाते. अशा वेळी अपुऱ्या संचातील संरक्षक योजना पुरवठा तोडते आणि चालू गणनकार्य वाया जाते. सबब बेरजेत पुरेशी राखीव क्षमता मिळवावी व १२ व्होल्ट शाखेची क्षमता स्वतंत्रपणे तपासावी. कारण प्रोसेसर व कार्ड या दोहोंचा मुख्य भार तिच्यावरच पडतो.